अँथ्रोपॉसफी : व्याख्याने व रंगप्रयोग

अँथ्रोपॉसफी : ऑस्ट्रियन तत्त्वचिंतक रूडोल्फ श्टाइनर (१८६१–१९२५) ह्याने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रवर्तित केलेली आध्यात्मिक विचारप्रणाली. ‘अँथ्रोपॉस’ (मानव) व ‘सोफिया’ (प्रज्ञा) ह्या ग्रीक शब्दांपासून ही संज्ञा बनली आहे. श्टाइनरपूर्वीही ती जर्मन तत्त्वज्ञानात आढळते. व्हिएन्ना येथील तत्त्वज्ञ रोबेर्ट त्सिमरमान ह्याने १८८२ मधील आपल्या एका ग्रंथाच्या नावात ती योजिली होती. इंद्रियांपलीकडील आध्यात्मिक विश्वाचे ज्ञान मानवाला स्वप्रयत्नाने मिळविता येते व ते भौतिक विज्ञानांतील ज्ञानाइतकेच काटेकोर असू शकते, हा ह्या प्रणालीचा मूलभूत दावा होय. म्हणूनच श्टाइनर तिला ‘आध्यात्मिक विज्ञान’ असेही म्हणे. शिक्षण, शेती, वैद्यक, वास्तुकला इ. क्षेत्रांत तिचे उपयोजन झाले. तथापि तिचा उदय व प्रसार झाला तो मुख्यतः जमलेल्या श्रोत्यांपुढील व्याख्यानांतून आणि रंगमंचावरील प्रयोगांतून. प्रस्तुत नोंदीत ह्या दोन अंगांचा परामर्श घेतला आहे.

अँथ्रोपॉसफीत व्याख्यान व प्रयोग ही केवळ प्रचाराची साधने मानली जात नाहीत. ऐकलेला विचार श्रोत्याने निमूटपणे न स्वीकारता स्वतःच्या मनात नव्याने घडवावा आणि विचाराने जे आकलन होते, तेच रंग, स्वर व हालचाल ह्यांच्या द्वारा अनुभवावे, अशी श्टाइनरची अपेक्षा होती. त्यामुळे सभा व रंगमंच ही साधनेचीच स्थाने ठरली. परंतु ह्यातूनच एक पेचही निर्माण झाला. प्रत्येकाने स्वतः पडताळून पाहावे, असे सांगणारी ही विद्या प्रत्यक्षात एका वक्त्याच्या वाणीवर उभी राहिली. त्या वक्त्याच्या मृत्यूनंतर पडताळा किती आणि पाठांतर किती, हा प्रश्न ह्या चळवळीपुढे सतत राहिला आहे.

पार्श्वभूमी : श्टाइनरचा जन्म आज क्रोएशियात असलेल्या क्राल्येव्हेत्स ह्या गावी झाला. वडील रेल्वेत नोकरीस होते. व्हिएन्ना येथील तंत्रविद्यालयात त्याने गणित व निसर्गविज्ञाने ह्यांचा अभ्यास केला. तेथील साहित्याचा प्राध्यापक कार्ल युलिउस श्र्योअर ह्याच्यामुळे तो जर्मन महाकवी गटे (१७४९–१८३२) ह्याच्या वाङ्‌मयाकडे वळला. गटेच्या विज्ञानविषयक लेखनाचे संपादन त्याने केले आणि १८९० ते १८९७ ह्या काळात व्हायमार येथील गटे–शिलर अभिलेखागारात काम केले. रॉस्टोक विद्यापीठाने १८९१ मध्ये त्याला डॉक्टरेट दिली. वनस्पतीच्या विविध अवयवांत एकाच मूळ रूपाचे रूपांतर होत असते, हा गटेचा विचार श्टाइनरने पुढे आपल्या कलाविषयक कल्पनांचा पाया केला.

बर्लिनमध्ये आल्यावर १८९९ पासून काही वर्षे तो तेथील कामगार-शिक्षण विद्यालयात इतिहास व वक्तृत्व शिकवीत असे. दिवसभराच्या श्रमानंतर येणाऱ्या श्रोत्यांपुढे टिपणांवाचून बोलण्याची सवय त्याला येथे झाली. सप्टेंबर १९०० मध्ये बर्लिनच्या थिऑसफिस्ट मंडळींच्या ग्रंथालयात त्याने गटेच्या ‘हिरवा सर्प व सुंदर लिली’ ह्या रूपककथेवर व्याख्यान दिले. येथूनच त्याच्या आध्यात्मिक व्याख्यानांस आरंभ झाला. थिऑसफिकल सोसायटीच्या (→ थिऑसफी) जर्मन शाखेचा तो १९०२ मध्ये सरचिटणीस झाला. ह्याच सुमारास मारी फोन सिव्हर्स (१८६७–१९४८) ही त्याची सहकारी बनली; १९१४ मध्ये त्यांचा विवाह झाला. तिने काव्यपठण व अभिनय ह्यांचे शिक्षण घेतलेले होते. श्टाइनरच्या विचाराला रंगमंच मिळाला, त्याचे बरेचसे श्रेय तिला द्यावे लागते.

थिऑसफिकल सोसायटीपासून विभक्तता : थिऑसफिकल सोसायटीचे मुख्य केंद्र मद्रासजवळील अड्यार येथे होते व ॲनी बेझंट ह्या तिच्या अध्यक्षा होत्या. १९११ मध्ये ‘ऑर्डर ऑफ द स्टार इन द ईस्ट’ ही संघटना स्थापन होऊन बाल जिद्दू कृष्णमूर्ती ह्यांच्या रूपाने जगद्‌गुरू अवतरणार असल्याचे प्रतिपादन सुरू झाले. ख्रिस्ताचे अवतरण ही मानवी इतिहासातील एकमेव व पुन्हा न घडणारी घटना होय, असे श्टाइनर मानी. त्यामुळे त्याने ह्या प्रतिपादनास विरोध केला. डिसेंबर १९१२ च्या अखेरीस कोलोन येथे अँथ्रोपॉसफिकल सोसायटीची स्थापना झाली आणि १९१३ मध्ये दोन्ही संघटनांचा संबंध पूर्णतः तुटला. पुढे कृष्णमूर्तींनी १९२९ मध्ये ती संघटना स्वतःच विसर्जित केली.

ह्या फुटीच्या प्रसंगी कोलोनला जमलेल्या सभासदांपुढे श्टाइनरने जी व्याख्यानमाला दिली, तिचा विषय ‘भगवद्‌गीता आणि सेंट पॉलची पत्रे’ हा होता, ही गोष्ट लक्षणीय आहे. वेद, सांख्य व योग ह्या तीन प्रवाहांचा संगम गीतेत झालेला आहे, असे त्याने तीत मांडले. गीतेवरील त्याची दुसरी व्याख्यानमाला १९१३ मध्ये हेलसिंकी येथे झाली. कर्म व पुनर्जन्म ह्या संकल्पना त्याने स्वीकारल्या. मात्र जन्ममरणाच्या चक्रातून सुटका होण्यापेक्षा मानवजातीच्या क्रमविकासावर त्याने भर दिला. भारतीय आस्तिक दर्शनांशी त्याचा मतभेद मुख्यतः ह्या ठिकाणी आहे.

व्याख्यान-परंपरा : श्टाइनरने १९०० ते १९२४ ह्या काळात सु. ६,००० व्याख्याने दिली. त्याच्या समग्र वाङ्‌मयाचे ३५० हून अधिक खंड प्रसिद्ध झाले असून, त्यांतील फार मोठा भाग व्याख्यानांनी व्यापलेला आहे. श्रोतृवर्गानुसार ह्या व्याख्यानांचे तीन ढोबळ प्रकार पडतात : कोणासही खुली असलेली सार्वजनिक व्याख्याने, पूर्वपरिचय गृहीत धरून केवळ सभासदांपुढे दिलेल्या मालिका, आणि शिक्षक, वैद्य, शेतकरी, धर्मोपदेशक, नट अशा विशिष्ट व्यावसायिकांसाठी घेतलेले वर्ग. ह्या तिसऱ्या प्रकारातून अनेक संस्था उदयास आल्या. एप्रिल १९१९ मध्ये श्टुटगार्ट येथील वॉल्डोर्फ-ॲस्टोरिया ह्या सिगारेट कारखान्यातील कामगारांपुढे झालेल्या व्याख्यानानंतर त्यांच्या मुलांसाठी शाळेची योजना निघाली व त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये पहिली वॉल्डोर्फ शाळा उघडली. जून १९२४ मध्ये कोबरव्हिट्स येथे शेतकऱ्यांसाठी दिलेल्या ८ व्याख्यानांतून जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीची पद्धती निघाली.

चौथा, काहीसा वेगळा प्रकार म्हणजे १९२२–२४ ह्या काळात डॉर्नाख येथील इमारतीच्या कामावरील मजुरांपुढे झालेली व्याख्याने. त्यांचे विषय मजूर स्वतः सुचवीत. मधमाश्यांपासून आहारापर्यंत जे विचारले जाई, त्यावर श्टाइनर तेथल्या तेथे बोले. ह्या व्याख्यानांची भाषा साधी व दृष्टांतबहुल आहे.

बोलताना श्टाइनर फळ्यावर रंगीत खडूंनी आकृत्या काढी. १९१९ पासून फळ्यावर काळा कागद लावण्याची व्यवस्था त्याच्या एका सहकारी स्त्रीने केल्यामुळे ह्यांपैकी सु. १,००० आकृत्या सुरक्षित राहिल्या. त्या पूर्वनियोजित चित्रे नसून बोलण्याच्या ओघात उमटलेल्या खुणा आहेत. १९९२ नंतर त्यांची प्रदर्शने भरू लागली व कलासमीक्षकांचेही लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. जर्मन कलावंत योझेफ बॉइस (१९२१–८६) ह्याच्या फळ्यांवरील रचनांशी त्यांचे नाते दाखविले जाते. बॉइसवर श्टाइनरच्या विचारांचा प्रभाव होता.

व्याख्यानांचे लघुलेखन करून घेण्याची प्रथा लवकरच पडली. आरंभी ही टिपणे ‘केवळ सभासदांसाठी’ अशा सूचनेसह छापली जात. ती बारकाईने तपासून पाहण्यास श्टाइनरला सवड नसे आणि त्यांत चुका राहिल्या असण्याचा संभव आहे, असे त्याने स्वतः नमूद केले आहे. विशिष्ट दिवशी, विशिष्ट श्रोत्यांचा कल पाहून बोललेला शब्द छापून आला, की तो सर्वकाळचा सिद्धांत वाटू लागतो, ही अडचण त्याला जाणवलेली होती. तरीही १९२३ च्या अखेरीस ही मुद्रिते सर्वांस खुली करण्यात आली. त्यानंतर शाखांच्या साप्ताहिक बैठकांत एखादे व्याख्यान परिच्छेदाने वाचून त्यावर चर्चा करणे, हा सामुदायिक अभ्यासाचा रूढ प्रकार झाला. अनेक देशांतील गटांत तो आजही चालू आहे.

रहस्यनाटके : १९०७ च्या वसंतऋतूत म्यूनिक येथे थिऑसफिकल सोसायटीच्या यूरोपीय शाखांचे अधिवेशन भरले. त्या वेळी श्टाइनरने सभागृहाची सजावट रंग व प्रतीके ह्यांच्या साहाय्याने नव्याने केली आणि फ्रेंच लेखक एद्वार श्यूरे (१८४१–१९२९) ह्याचे एल्यूसिस येथील प्राचीन ग्रीक गूढविधींवरील नाटक सादर केले. त्यात डिमीटर देवतेची भूमिका मारी फोन सिव्हर्सने केली. भाषणे व ठराव ह्यांपुरत्या मर्यादित असलेल्या अधिवेशनात नाटकास स्थान देणे, हे त्या वर्तुळात नवे होते. १९०९ मध्ये श्यूरेचेच दुसरे नाटक झाले. त्यानंतर १९१० ते १९१३ ह्या चार वर्षांत दर उन्हाळ्यात श्टाइनरने स्वतःचे एकेक नाटक रंगभूमीवर आणले. दीक्षेचे द्वार, आत्म्याची कसोटी, उंबरठ्याचा रक्षक व आत्म्यांची जागृती अशी त्यांची नावे मराठीत देता येतील.

ही नाटके तालमी चालू असतानाच लिहिली जात. रात्री लिहिलेली पृष्ठे सकाळी नटांच्या हाती पडत. नट बहुतांशी सोसायटीचे सभासदच असत आणि प्रेक्षकही तेच. चारही नाटकांत साधारणपणे तीच पात्रे येतात : योहानेस टोमासिउस हा चित्रकार, त्याची मैत्रीण मारिया, काप्सेउस हा इतिहासाचा प्राध्यापक, श्ट्राडर हा तंत्रज्ञ आणि त्यांचा गुरू बेनेडिक्टुस. बाह्य घटना थोड्या आहेत. साधनेच्या मार्गावर माणसाला स्वतःचे जे रूप दिसते व ज्याची त्याला भीती वाटते, त्या रूपाशी होणारा सामना हा त्यांचा खरा विषय आहे. दुसऱ्या नाटकात हीच पात्रे मध्ययुगातील, तर चौथ्यात प्राचीन ईजिप्तमधील पूर्वजन्मांत दिसतात. ल्यूसिफर व आरिमान ह्या दोन प्रलोभक शक्ती पात्ररूपाने वावरतात. ल्यूसिफर माणसाला अहंकार व स्वप्नाळूपणा ह्यांकडे ओढतो. आरिमान त्याला जड पदार्थ व कोरडी गणिती बुद्धी ह्यांत बांधून टाकतो. दोहोंमधील तोल सांभाळणे म्हणजे मानवत्व, असे सूत्र आहे.

पहिल्या नाटकाचा आराखडा गटेच्या उपर्युक्त रूपककथेवरून घेतलेला आहे. नाट्यदृष्ट्या पाहता ही नाटके दीर्घ व चिंतनभाराने जड आहेत. एकेका नाटकाचा प्रयोग मध्यंतरे धरून जवळजवळ दिवसभर चालतो. साधकाचे स्खलन त्यांत झाकलेले नाही, हे मात्र त्यांचे वैशिष्ट्य होय. टोमासिउस वारंवार चुकतो, गुरूवर संशय घेतो आणि स्वतःच्या दर्शनांना फसतो. आध्यात्मिक अनुभव खरा कोणता व भासमान कोणता, हा प्रश्न व्याख्यानांपेक्षा येथे अधिक तीव्रतेने उपस्थित होतो. पाचवे नाटक १९१४ च्या उन्हाळ्यात व्हावयाचे होते. परंतु पहिले महायुद्ध सुरू झाल्याने ते लिहिलेच गेले नाही.

युरिथ्मी : अँथ्रोपॉसफीतून निर्माण झालेली हालचालीची कला. १९१२ मध्ये श्टाइनरने लोरी स्मिट्स ह्या तरुणीला तिचे पहिले पाठ दिले. ‘युरिथ्मी’ हे नाव मारी फोन सिव्हर्सने सुचविले. ऑगस्ट १९१३ मध्ये म्यूनिक येथे सभासदांपुढे व २४ फेब्रुवारी १९१९ रोजी झुरिक येथे सर्वसाधारण प्रेक्षकांपुढे ह्या कलेचे प्रथम प्रयोग झाले. १९२४ मध्ये श्टाइनरने स्वर-युरिथ्मी व वाक्-युरिथ्मी ह्यांवर दोन स्वतंत्र व्याख्यानमाला दिल्या. त्या ह्या कलेचा शास्त्राधार मानल्या जातात.

उच्चार करताना स्वरयंत्र व श्वास ह्यांची जी सूक्ष्म हालचाल होते, ती सबंध देहाने, विशेषतः हातांनी, दृश्य करावयाची, हे युरिथ्मीचे तत्त्व होय. स्वरांतून अंतःकरणाची वृत्ती व्यक्त होते, असे श्टाइनरचे म्हणणे होते. ‘आ’ मध्ये विस्मय असतो व हात मोकळे उघडतात, ‘ई’ मध्ये ‘मी’ची जाणीव असते व हात ताणून रेषा साधली जाते, ‘ओ’ मध्ये आपुलकी असून हात वर्तुळाकार जुळतात, ‘ऊ’ मध्ये भीती वा संकोच असून हात जवळ येतात. व्यंजने बाह्य वस्तूंच्या आकारांचे व क्रियांचे अनुकरण करतात. उदा., ‘ब’ मध्ये वेढून घेण्याचा, तर ‘ल’ मध्ये उमलण्याचा व वाहण्याचा भाव असतो. संगीतावरील युरिथ्मीत स्वरांची उंची, दोन स्वरांमधील अंतर व लय ह्यांना हालचाली दिलेल्या असतात.

भारतीय वाचकास येथे अभिनयाची (→ भरतनाट्य) आठवण होणे स्वाभाविक आहे. तथापि दोहोंत मूलतः भेद आहे. भारतीय नृत्यातील हस्तमुद्रा पदाचा अर्थ दाखविते. युरिथ्मीतील हालचाल त्या पदाचा ध्वनी दाखविते. अर्थ तोच असला, तरी भाषा बदलताच हालचाल बदलते. चेहऱ्यावरील भावदर्शनास युरिथ्मीत फारसे स्थान नाही. नर्तक बोलत नाही. रंगमंचाच्या कडेला उभी असलेली दुसरी व्यक्ती कविता म्हणते किंवा वादक वाद्य वाजवितो. ध्वनिमुद्रित संगीत सहसा वापरले जात नाही. लांब, सैल पोशाख, त्यावरील तलम ओढणी व बदलत जाणारे रंगीत प्रकाशझोत ही प्रयोगाची नेहमीची अंगे आहेत. एकेका ध्वनीचा रंग व ताण दाखविणाऱ्या लाकडी आकृती इंग्रज शिल्पकार ईडिथ मॅरियन (१८७२–१९२४) हिने श्टाइनरच्या मार्गदर्शनाखाली तयार केल्या. वॉल्डोर्फ शाळांत युरिथ्मी हा शिक्षणाचा विषय आहे. तिचा उपचारार्थही उपयोग करतात. परंतु त्याच्या परिणामकारकतेविषयी वैद्यकक्षेत्रात एकमत नाही.

गटेआनुम : रहस्यनाटकांसाठी स्वतःचे रंगमंदिर असावे, ह्या गरजेतून हे केंद्र उभे राहिले. म्यूनिक येथे परवानगी न मिळाल्याने स्वित्झर्लंडमध्ये बाझेलजवळ डॉर्नाख येथील टेकडीवर २० सप्टेंबर १९१३ रोजी त्याची कोनशिला बसविण्यात आली. एकमेकांत मिसळणारे दोन लहानमोठे घुमट, मोठ्या घुमटाखाली प्रेक्षागृह व लहान घुमटाखाली रंगमंच, अशी ह्या लाकडी वास्तूची रचना होती. प्रेक्षागृहातील सात स्तंभजोड्यांसाठी वेगवेगळ्या जातींचे लाकूड वापरले होते. एका स्तंभाच्या शीर्षाचा आकार पुढच्या स्तंभावर बदलत जाई. गटेच्या रूपांतर-सिद्धांताचा हा वास्तुरूप आविष्कार होता. महायुद्धाच्या काळात परस्परांशी लढणाऱ्या राष्ट्रांतील स्त्रीपुरुष येथे एकत्र कोरीवकाम करीत होते आणि आल्सेसमधील तोफांचा आवाज टेकडीपर्यंत ऐकू येत असे. रशियन कादंबरीकार आंद्रेई बेली (१८८०–१९३४) हा त्यांपैकी एक होय. १९२० मध्ये वास्तू वापरात आली.

३१ डिसेंबर १९२२ रोजी सायंकाळी येथे युरिथ्मीचा प्रयोग व त्यानंतर श्टाइनरचे व्याख्यान झाले. श्रोते परतल्यावर इमारतीला आग लागली व पहाटेपर्यंत काँक्रीटच्या जोत्याखेरीज जवळजवळ सर्व काही भस्मसात झाले. आग लावली गेली असावी, असा प्रबळ संशय होता. परंतु तो निर्णायकपणे सिद्ध झाला नाही. दुसऱ्या दिवशी, १ जानेवारी १९२३ रोजी, योजलेला कार्यक्रम रद्द करण्यात आला नाही. शेजारच्या सुतारशाळेत दुपारी ‘तीन राजे’ हे नाताळचे नाटक ठरल्याप्रमाणे सादर झाले व रात्री श्टाइनरने व्याख्यान दिले. दहा वर्षांचे काम धुमसत असताना व्याख्यान व प्रयोग चालू ठेवण्याच्या ह्या निर्णयाने चळवळीचा केंद्रबिंदू वास्तूत नसून सामुदायिक कार्यात आहे, हे स्पष्ट झाले.

१९२३ च्या नाताळात त्याच सुतारशाळेत सु. ८०० सभासदांच्या उपस्थितीत सोसायटीची पुनःस्थापना झाली. पुढील नऊ महिने श्टाइनर अखंड बोलत होता. सप्टेंबर १९२४ मध्ये तर एकाच दिवशी तीन-चार व्याख्याने होत. वाचिक व नाट्यकलेवरील १९ व्याख्यानांची मालाही ह्याच महिन्यातील होय. २८ सप्टेंबर १९२४ रोजी त्याचे शेवटचे भाषण झाले. ३० मार्च १९२५ रोजी तो डॉर्नाख येथे मरण पावला. त्याने केलेल्या नमुन्यावरून बांधलेले दुसरे गटेआनुम १९२८ मध्ये खुले झाले. संपूर्ण काँक्रीटची ही वास्तू त्या साहित्याच्या शिल्पसदृश वापरामुळे आधुनिक वास्तुकलेच्या इतिहासात उल्लेखिली जाते. तिच्या प्रेक्षागृहात सु. १,००० आसने आहेत. १९३८ मध्ये येथे मारी श्टाइनरच्या दिग्दर्शनाखाली गटेच्या फाउस्टचे दोन्ही भाग काहीही न गाळता प्रथमच रंगभूमीवर आले. कित्येक दिवस चालणारा हा प्रयोग पुढेही वेळोवेळी होत राहिला.

नाताळची लोकनाटके व वार्षिक उत्सव : प्रेस्बर्गजवळील (आजचे ब्रातिस्लाव्हा) ओबरउफर ह्या खेड्यातील जर्मन भाषिक शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या तीन धार्मिक नाटके करीत : आदाम-ईव्हची कथा सांगणारे ‘नंदनवन’, येशूजन्माचे ‘मेंढपाळ’ व हेरॉडच्या क्रौर्याचे ‘तीन राजे’. सुगी संपली, की तालमी सुरू होत. सर्व भूमिका पुरुषच करीत. तालमीच्या दिवसांत नटांनी सद्वर्तनाने राहावे, असा दंडक असे. श्र्योअरने ही नाटके एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास संकलित केली. आपल्या गुरूकडून मिळालेला हा ठेवा श्टाइनरने १९१० नंतर रंगभूमीवर आणला. रांगडी बोली, मेंढपाळांचा विनोद व निर्मळ भाव ह्यांमुळे ही नाटके रहस्यनाटकांहून सर्वस्वी निराळी आहेत. वॉल्डोर्फ शाळांत दर नाताळात शिक्षक ती मुलांसाठी सादर करतात. वर्षभर शिकविणारे गुरुजी त्या दिवशी मेंढपाळाच्या वेशात पडलेले मुलांना पाहावयास मिळतात. अँथ्रोपॉसफीच्या प्रयोगांपैकी सामान्य जनांत सर्वाधिक रुजलेला प्रकार हाच होय.

ह्याखेरीज ईस्टर, सेंट जॉनचा उन्हाळी उत्सव, सप्टेंबरअखेरचा मिकाएल उत्सव व नाताळ हे चार सण ऋतुचक्राशी जोडून व्याख्यान, संगीत व युरिथ्मी ह्यांनी साजरे केले जातात. १९४० मध्ये नाझींच्या छळामुळे व्हिएन्नाहून निघालेला वैद्य कार्ल क्योनिग (१९०२–६६) ह्याने स्कॉटलंडमध्ये कँपहिल ही बौद्धिक विकलांगांसमवेत राहण्याची वसाहत स्थापिली. तेथे सणांच्या नाटकांत विकलांग रहिवासी व त्यांचे सहनिवासी एकत्र भूमिका करतात. कला येथे प्रेक्षणीय वस्तू न राहता सहजीवनाचा भाग बनते.

श्टाइनरनंतर : संस्थापकाच्या मृत्यूनंतर सोसायटीत तीव्र मतभेद माजले. १९३५ मध्ये कार्यकारिणीतील दोन सदस्या व अनेक सभासद ह्यांना काढून टाकण्यात आले. व्याख्यानांच्या प्रकाशनाचा हक्क कोणाकडे, हा वाद पुढे न्यायालयात गेला व १९५२ मध्ये निकालात निघाला. ज्यांचे विचारधन बव्हंशी एका वक्त्याच्या शब्दांत साठलेले आहे, अशा समाजात त्या शब्दांची मालकी हा केवळ कायद्याचा प्रश्न राहत नाही, हे ह्या वादावरून दिसते. जर्मनीत नाझी राजवटीने नोव्हेंबर १९३५ मध्ये सोसायटीवर बंदी घातली व वॉल्डोर्फ शाळा क्रमाने बंद पडल्या. त्याच वेळी काही अनुयायांनी राजवटीशी जुळवून घेण्याचे प्रयत्न केले, हेही इतिहासकारांनी दाखवून दिले आहे. अँथ्रोपॉसफीचा अनुयायी असलेला संगीतरचनाकार व्हिक्टोर उलमान (१८९८–१९४४) ह्याने टेरेझिनश्टाट येथील बंदिवासात एका मृत्युविषयक संगीतिकेची रचना केली; १९४४ मध्ये आउश्व्हिट्स येथे त्याची हत्या झाली.

भारताशी संबंध : श्टाइनर भारतात कधीही आला नाही. थिऑसफीचा प्रभाव येथील सार्वजनिक जीवनावर जेवढा पडला, तेवढा अँथ्रोपॉसफीचा पडला नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस मात्र शाळा व शेती ह्यांच्या मार्गाने तिचा परिचय वाढला. हैदराबाद येथे ‘श्लोक’ (१९९७) व मुंबईत ‘त्रिधा’ (२०००) ह्या वॉल्डोर्फ पद्धतीच्या शाळा निघाल्या. अशा शाळांत भारतीय सण व पुराणकथा ह्यांना स्थान देणे क्रमप्राप्त ठरते. जर्मन भाषेच्या ध्वनींवर आधारलेली युरिथ्मी मूर्धन्य व महाप्राण व्यंजनांनी समृद्ध अशा मराठीसारख्या भाषेला कशी लागू करावी, हा प्रश्न ह्या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे.

मूल्यमापन : अँथ्रोपॉसफीच्या ज्ञानविषयक दाव्यांवर आरंभापासून टीका झाली आहे. श्टाइनरने वर्णिलेले आध्यात्मिक अनुभव इतरांस स्वतंत्रपणे पडताळता येत नाहीत. म्हणून त्यांस विज्ञान म्हणणे योग्य नव्हे, असा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ माक्स डेसोआर ह्याने १९१७ मध्येच घेतला होता. व्याख्यानांतील वंशविषयक विधानांबाबतचा आक्षेपही गंभीर आहे. नेदर्लंड्समधील सोसायटीने नेमलेल्या समितीने २००० मधील आपल्या अंतिम अहवालात समग्र वाङ्‌मयातील १६ विधाने आजच्या कायद्यानुसार भेदभावात्मक ठरतील, असे नमूद केले. बोललेल्या प्रत्येक शब्दाला प्रमाण मानण्याच्या वृत्तीतील धोका येथे उघड होतो.

प्रयोगांच्या बाबतीत प्रश्न निराळा आहे. दीर्घकाळ पहिल्या दिग्दर्शनाचे हुबेहूब जतन करण्याकडे कल होता. त्यामुळे प्रयोग निष्ठापूर्ण परंतु साचेबंद झाले, असे समीक्षकांचे मत पडले. नंतरच्या पिढ्यांनी नव्या कविता, समकालीन संगीत व वेगळी नेपथ्यरचना ह्यांचा अवलंब केला. कारण हालचाल ही कागदावरून वाचता येत नाही; ती प्रत्येक वेळी जिवंत देहाने नव्याने घडवावी लागते. व्याख्यानांच्या बाबतीत ऐकणाऱ्याने विचार स्वतः पुन्हा घडवावा, ही जी मूळ अपेक्षा होती, ती पूर्ण करणे वाचनमंडळांपेक्षा रंगमंचाला अधिक साधले, असे म्हणता येईल. अँथ्रोपॉसफीचे तत्त्वज्ञान अमान्य असणाऱ्यांनाही तिच्या शाळांतील मेंढपाळांचे नाटक वा युरिथ्मीचा एखादा प्रयोग आपलासा वाटतो, ह्याचे कारण बहुधा हेच असावे.